एम्बेडेड लिनक्सवर एफटीपी सर्व्हर सुरूच होत नाही, तेव्हा

बोर्ड बूट होताना सिरियल कन्सोलवर 'स्टार्टिंग व्हीएसएफटीपीडी: ओके' अशी ओळ येऊन जाते. तुम्ही निश्चिंत होऊन लॅपटॉपवरून एफटीपी क्लायंट जोडायला जाता, आणि तो सरळ 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणतो. अशा वेळी बहुतेक नवखे लोक कॉन्फिग फाईल उघडतात आणि इंटरनेटवर सापडलेल्या ओळी एकेक करून त्यात घालून बघायला लागतात. तासाभरात फाईलची अशी अवस्था होते की मूळ बिघाड कोणता आणि आपण घातलेला कोणता, हेच कळेनासं होतं.

तसं करू नका. सर्व्हर का सुरू होत नाही हे सर्व्हरला बहुतेक वेळा नीट माहीत असतं आणि तो ते सांगतही असतो. फक्त ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. त्याचं बोलणं ऐकू येईल अशी सोय करणं हे पहिलं काम, दुरुस्ती नंतर.

इथे उदाहरणाला व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर घेतला आहे, कारण बिल्डरूट आणि योक्टो या बोर्डासाठी लिनक्सची इमेज बनवणाऱ्या दोन्ही साधनांत तो सहज मिळतो. कमांड, पाथ आणि एररचे संदेश आपण बोलतो तसे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच ते नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायचे.

पायरी १: सर्व्हर खरंच बंद आहे का?

क्लायंट काय म्हणतो ते आधी नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बोर्डापर्यंत पाकीट पोचलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नव्हतं. क्लायंट नुसताच ताटकळला आणि शेवटी 'टाइम्ड आउट' म्हणाला, तर प्रश्न बहुधा केबल, आयपी पत्ता किंवा फायरवॉलचा आहे आणि सर्व्हर बिचारा व्यवस्थित चालू असू शकतो. लॉगिन करताना किंवा फाईलची यादी मागताना अडत असेल, तर तो तिसराच आजार. तो या लेखात शेवटाकडे थोडासा येईल.

आता सिरियल कन्सोलवरून बोर्डावर जा आणि 'पिडॉफ व्हीएसएफटीपीडी' चालवा. आकडा आला तर प्रोसेस जिवंत आहे, काहीच आलं नाही तर नाही. 'पीएस'चं आउटपुट 'ग्रेप'मधून गाळण्याची सवय अनेकांना असते, पण त्यात ग्रेपची स्वतःचीच ओळ दिसते आणि सर्व्हर चालू असल्याचा भास होतो. पिडॉफ बरा.

नंतर पोर्ट. 'नेटस्टॅट -टीएलएन' चालवून २१ क्रमांकाचं पोर्ट 'लिसन' अवस्थेत आहे का ते बघा. इमेज फारच काटकसरीने बनवली असेल आणि त्यात नेटस्टॅटच नसेल, तरी अडत नाही. कर्नल हीच माहिती '/प्रॉक/नेट/टीसीपी' या फाईलमध्ये ठेवतो. 'कॅट'ने ती उघडलीत की साधारण अशी ओळ दिसेल:

०: ००००००००:००१५ ००००००००:०००० ०ए

पहिला भाग स्थानिक पत्ता आणि पोर्ट, दुसरा समोरच्याचा पत्ता, तिसरा अवस्था. सगळं हेक्साडेसिमलमध्ये आहे. ००१५ म्हणजे आपलं २१, आणि '०ए' म्हणजे लिसन. अशी ओळ असेल तर कोणीतरी २१ वर बसलेलं आहे. सर्व्हर आयपीव्ही६ सॉकेटवर ऐकत असेल तर ही ओळ शेजारच्या 'टीसीपी६' फाईलमध्ये सापडते, म्हणून दोन्ही बघा.

पायरी २: 'ओके'वर विश्वास न ठेवता हाताने चालवा

बूट होताना दिसलेलं ते 'ओके' कुठून येतं? '/ईटीसी/इनिट.डी' मधली एस-७० वगैरे नावाची स्क्रिप्ट उघडून बघा. त्यात 'स्टार्ट-स्टॉप-डीमन'ला '-बी' पर्याय देऊन सर्व्हर पार्श्वभूमीत सोडलेला असेल. ही कमांड नवी प्रोसेस तयार करते, तिचं इनपुट-आउटपुट '/डेव्ह/नल'ला जोडते आणि आपलं काम झालं म्हणून लगेच यश कळवते. पुढच्याच क्षणी सर्व्हर पडला तरी स्क्रिप्टला त्याचा पत्ता नसतो. थोडक्यात, ते ओके सर्व्हर सुरू करायला सांगितल्याचं आहे, तो सुरू झाल्याचं नव्हे.

म्हणून स्क्रिप्ट बाजूला ठेवा आणि रूट म्हणून सर्व्हर थेट चालवा:

/युएसआर/एसबिन/व्हीएसएफटीपीडी /ईटीसी/व्हीएसएफटीपीडी.कॉन्फ -ओबॅकग्राउंड=नो

'-ओ'ला लागूनच कॉन्फिगमधला पर्याय देता येतो, फाईलला हात लावावा लागत नाही. प्रॉम्प्ट परत आलाच नाही तर सर्व्हर चालू झाला आहे. मग बिघाड बूटच्या क्रमात किंवा स्क्रिप्टमध्ये आहे, थेट सातव्या पायरीवर जा. प्रॉम्प्ट लगेच परत आला तर वर '५०० ऊप्स' ने सुरू होणारी एक ओळ असेल. हीच आपल्याला हवी होती.

इथे व्हीएसएफटीपीडीची एक खोड समजून घ्यायला हवी. आउटपुट लॉग फाईलमध्ये वळवून बघितलंत तर फाईल रिकामी निघते. कारण हा सर्व्हर ती ऊप्सची ओळ स्टँडर्ड आउटपुट किंवा स्टँडर्ड एररवर लिहीत नाही, तो लिहितो फाईल डिस्क्रिप्टर ० वर, म्हणजे स्टँडर्ड इनपुटवर! विचित्र वाटतं, पण इनेटडीखाली (कनेक्शन आलं की त्या कामाचा सर्व्हर सुरू करून देणारा प्रोग्रॅम) चालताना ० वर क्लायंटचं कनेक्शन असतं आणि तक्रार क्लायंटला दिसावी हा मूळ हेतू. टर्मिनलवर हाताने चालवताना ० म्हणजे तुमचंच टर्मिनल, त्यामुळे ओळ समोर येते. इनिट स्क्रिप्टऐवजी सिस्टिमडी सर्व्हिस सुरू करत असेल तर ० हे '/डेव्ह/नल' असतं, म्हणून त्याचा लॉग दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल'मध्ये बापडं 'स्टेटस=२/इनव्हॅलिडआर्ग्युमेंट' एवढंच उरतं आणि माणूस त्या शब्दाचा अर्थ शोधत बसतो. त्यात शोधण्यासारखं काही नाही. टर्मिनलवर चालवा.

ओळ आलीच नाही, तर लगेच 'इको $?' करून एक्झिट कोड बघा. १२७ म्हणजे फाईल सापडली नाही किंवा एखादी लायब्ररी सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. १३२ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना, १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. शेवटच्या दोन्हींत १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा हिशेब असतो.

पायरी ३: फाईल समोर असून 'नॉट फाउंड'

एम्बेडेडमधला हा सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रकार. 'एलएस' केलं की '/युएसआर/एसबिन/व्हीएसएफटीपीडी' दिसतो, चालवायला गेलं की शेल म्हणतो 'नॉट फाउंड'. शेल खोटं बोलत नाही. सापडत नाही ती ही फाईल नव्हे, तर ती चालवायला लागणारा डायनॅमिक लोडर, म्हणजे बायनरीला लागणाऱ्या लायब्ररी मेमरीत आणून जोडणारा प्रोग्रॅम.

प्रत्येक डायनॅमिक बायनरीत तिच्या लोडरचा पूर्ण पाथ कोरलेला असतो. आर्म प्रोसेसरवर ग्लिबसी ही सी लायब्ररी आणि हार्ड-फ्लोट असेल तर तो '/लिब/एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३' असतो, सॉफ्ट-फ्लोट असेल तर '/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.३', आणि मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर बांधलेली असेल तर '/लिब/एलडी-मसल-आर्मएचएफ.एसओ.१'. बायनरी एका टूलचेनची (कंपायलर आणि सोबतच्या साधनांचा संच) आणि रूट फाईलसिस्टिम दुसऱ्या टूलचेनची झाली की तो पाथ तिथे नसतो. लॅपटॉपवर क्रॉस-टूलचेनमधल्या 'रीडएल्फ -एल'ने बायनरी तपासा, 'इंटरप्रीटर' असा उल्लेख असलेली ओळ येईल. तोच पाथ बोर्डावर आहे का ते बघायचं.

लोडर सापडतो पण लायब्ररी सापडत नाही, तेव्हा संदेश स्पष्ट असतो. 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आणि पुढे त्या लायब्ररीचं नाव. ओपनएसएसएलच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण १.१ ची लायब्ररी आणि ३ ची लायब्ररी यांची नावं वेगळी आहेत. इथे 'नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिम्लिंक द्या' असा सल्ला कुठेतरी वाचायला मिळेल. तो ऐकू नका. एररचा संदेश जातो आणि त्या जागी भलत्याच वेळी होणारा क्रॅश येतो. सर्व्हर त्याच बिल्डमधून पुन्हा बांधून घेणं हाच उपाय आहे.

'एक्झेक फॉरमॅट एरर' दिसली तर आर्किटेक्चरच चुकलं आहे. बहुधा लॅपटॉपची बायनरी बोर्डावर गेली. 'परमिशन डिनाइड' आलं तर एक्झिक्यूटचा बिट तपासा. फॅट स्वरूपाच्या मेमरी कार्डावरून फाईल आणली की तो वाटेत गळतो. बिट ठीक असूनही तेच आलं तर ते पार्टिशन 'नोएक्झेक' लावून माउंट केलं आहे का बघा.

पायरी ४: कॉन्फिग फाईल, आता मात्र उघडा

ऊप्सची ओळ हातात असेल तर कॉन्फिगमधली चूक पाच मिनिटांत सापडते, कारण व्हीएसएफटीपीडी पर्यायाचं नाव घेऊन बोलतो. मात्र त्याचं वाचन फार कडक आहे.

बरोबरच्या चिन्हाभोवती जागा चालत नाही. चिन्हाच्या आधी जागा सुटली तर तो 'अनरेकग्नाइज्ड व्हेरिएबल' म्हणतो, कारण त्याच्या लेखी ती जागा नावाचाच भाग आहे. चिन्हानंतर किंवा ओळीच्या शेवटी जागा राहिली तर 'बॅड बूल व्हॅल्यू'. आता गंमत अशी की डोळ्यांना ओळ अगदी स्वच्छ दिसते, 'लिसन=यस', पुढे-मागे काही नाही, आणि तरीही बॅड बूल व्हॅल्यू येते. अशा वेळी 'हेक्सडम्प -सी' लावून ओळीचा शेवट बघा. नुसता '०ए' (इथे ही ओळ संपल्याची खूण) असायला हवा. '०डी ०ए' असेल तर फाईल विंडोजवर एडिट झालेली आहे आणि तो न दिसणारा कॅरेज रिटर्न 'यस'ला चिकटला आहे. बिझीबॉक्समध्ये (अनेक छोट्या कमांड एकत्र देणारा प्रोग्रॅम) 'डॉसटूयुनिक्स' असेल तर ते चालवा, नसेल तर 'सेड'ने काढा. हाच कॅरेज रिटर्न इनिट स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शिरला तर तिथेही 'नॉट फाउंड' येतं, कारण मग स्क्रिप्टसाठी जो शेल शोधला जातो त्याच्या नावाच्या टोकाला ते अदृश्य अक्षर असतं.

दुसरी नेहमीची अडचण 'लिसन' आणि 'लिसन_आयपीव्ही६' या जोडीची. दोन्ही 'यस' असतील तर सर्व्हर दोन प्रती चालवायला सांगून थांबतो. दोन्ही 'नो' असतील तर म्हणतो, मला इनेटडीमधून चालवा. एकाला यस दिलंत की दुसऱ्याला स्पष्ट शब्दांत नो लिहा, डीफॉल्टवर सोडू नका. कर्नलमध्ये आयपीव्ही६ बांधलेलंच नसेल तर 'लिसन_आयपीव्ही६'ला यस ठेवून उपयोग नाही. 'कॉन्फिग_आयपीव्ही६' आहे की नाही हे '/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड' मध्ये दिसतं, पण ती फाईल असण्यासाठी कर्नल बांधताना तो पर्याय चालू ठेवलेला असावा लागतो.

तिसरी अडचण एम्बेडेडवाल्यांची खास. 'कॉन्फिग फाईल नॉट ओन्ड बाय करेक्ट युझर' असा संदेश. लॅपटॉपवर तुमचा युझर आयडी १००० असतो. रूट फाईलसिस्टिमच्या फोल्डरात तुम्ही फाईल हाताने टाकली आणि तशीच एसडी कार्डावर कॉपी केली, की बोर्डावरही तिचा मालक १००० राहतो. सर्व्हर रूट म्हणून चालतो आणि दुसऱ्याच्या मालकीची कॉन्फिग घ्यायला नकार देतो. तो बरोबरच आहे. बोर्डावर 'चोन'ने मालक रूट करा, पण तेवढ्यावर थांबू नका. पुढची इमेज फ्लॅश केलीत की तेच पुन्हा होणार. बिल्डरूटचा रूटएफएस ओव्हरले (ज्यातल्या फाईली इमेजमध्ये घातल्या जातात ते फोल्डर) वापरला तर इमेज बनताना मालकी आपोआप रूटची होते.

पायरी ५: पोर्ट

'कुड नॉट बाइंड लिसनिंग आयपीव्ही४ सॉकेट' ही तक्रार अर्धवट आहे. बाइंड झालं नाही एवढं ती सांगते, का ते सांगत नाही. इथे 'एसट्रेस' कामाला येतं, ते प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी दाखवतं. सर्व्हर एसट्रेसखाली चालवा आणि शेवटाकडची 'बाइंड'ची ओळ बघा.

'ईअ‍ॅडरइनयूज' असेल तर पोर्ट आधीच कोणीतरी धरलं आहे. बहुधा बिझीबॉक्सचा इनेटडी, ज्याच्या '/ईटीसी/इनेटडी.कॉन्फ' मध्ये एफटीपीची एक ओळ कोणीतरी ठेवून दिलेली असते. दोघांपैकी एकच ठेवा. 'ईअ‍ॅडरनॉटअ‍ॅव्हेल' असेल तर कॉन्फिगमध्ये 'लिसन_अ‍ॅड्रेस' दिला आहे आणि तो आयपी बोर्डाला अजून मिळालेला नाही. डीएचसीपीवर असलेल्या बोर्डात हे बूटच्या वेळीच होतं आणि नंतर हाताने चालवलं की सर्व्हर मुकाट सुरू होतो. ती ओळ काढून टाकणं सगळ्यात सोपं, म्हणजे सर्व्हर सगळ्या पत्त्यांवर ऐकेल. एकाच इंटरफेसवर ऐकणं सुरक्षेसाठी गरजेचं असेल तर नेटवर्क येईपर्यंत त्याला थांबवावं लागेल.

पायरी ६: लिहायला जागा आहे का?

रूट फाईलसिस्टिम बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती माउंट केलेली असते. लॉग किंवा पिड फाईल (चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी) जिथे जाणार त्या फोल्डरात 'टच'ने एक फाईल करून बघा. 'रीड-ओन्ली फाईल सिस्टिम' आलं तर उत्तर मिळालं. तपासापुरतं 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' करता येतं, पण उत्पादनात जाणाऱ्या बोर्डावर तो कायमचा उपाय धरू नका. फाईलसिस्टिम रीड-ओन्ली ठेवण्यामागे वीज अचानक गेली तरी फ्लॅशवरचं काही बिघडू नये हा विचार असतो.

'/व्हार/रन' आणि '/व्हार/लॉग' बहुधा टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये असतात. तुम्ही आज तिथे हाताने बनवलेलं फोल्डर रीबूटनंतर नाहीसं होतं. ते इनिट स्क्रिप्टमध्ये, सर्व्हर सुरू करण्याच्या आधीच्या ओळीत 'एमकेडीर -पी'ने बनवायचं. उलट '/व्हार/रन' फ्लॅशवर असेल तर वीज गेल्यावर जुनी पिड फाईल तशीच राहते आणि तिच्यातला आकडा पाहून एखादी स्क्रिप्ट 'आधीच चालू आहे' म्हणून मागे फिरते.

डिस्क भरली आहे का, हे 'डीएफ'ने बघाच. आणि जागा दिसत असूनही लिहिता येत नसेल तर 'डीएफ -आय'. आयनोड, म्हणजे फाईलसिस्टिममधल्या फाईलींच्या नोंदी, संपलेले असू शकतात.

पायरी ७: हाताने चालतो, बूटला नाही

स्क्रिप्टच्या नावाची सुरुवात मोठ्या एस आणि दोन आकड्यांनी होते का? बिल्डरूटची 'आरसीएस' तेवढ्याच उचलते, आकड्यांच्या क्रमाने. नेटवर्कची स्क्रिप्ट एस-४० असेल तर तुमची त्यानंतरची हवी. स्क्रिप्टला एक्झिक्यूटचा बिट आहे का? बूटच्या वेळी 'पाथ' तोकडा असतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये कमांडचे पूर्ण पाथ लिहा.

सिस्टिमडी असेल तर 'सिस्टिमसीटीएल स्टेटस'मध्ये '२०३/एक्झेक' दिसणं म्हणजे तिसऱ्या पायरीतलाच आजार. बायनरी किंवा तिचा लोडर जागेवर नाही. वारंवार पडल्यामुळे त्याने सर्व्हिस सुरू करणंच थांबवलं असेल, तर दुरुस्तीनंतर 'रीसेट-फेल्ड' करून पुन्हा सुरू करा.

सुरू झाला, पण जोडताच ऊप्स

ही पुढची पायरी म्हणता येईल, आणि इथपर्यंत आलात तर चिंता नको. कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं. 'सिक्योर_क्रूट_डीर'साठी सांगितलेलं रिकामं फोल्डर नाही, डीफॉल्टने ते '/युएसआर/शेअर/एम्प्टी' असतं. गिट रिकामं फोल्डर साठवत नाही, त्यामुळे ओव्हरलेमध्ये ठेवलेलं असं फोल्डर सहकाऱ्याच्या बिल्डमधून हमखास गळतं. किंवा 'नोबडी', 'एफटीपी' हे युझर '/ईटीसी/पासडब्ल्यूडी'मध्ये नाहीत. किंवा युझरला ज्या फोल्डरात कोंडलं आहे ते त्यालाच लिहिता येतं, आणि २.३.५ आवृत्तीपासून सर्व्हर हे चालवून घेत नाही. मूळ फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवून आत अपलोडसाठी वेगळं फोल्डर करा. 'अलाव_रायटेबल_क्रूट' हा पर्याय आहे, पण तो बंद ठेवलेला बरा.

व्हीएसएफटीपीडी नसेल तर

बिझीबॉक्सचा 'एफटीपीडी' शेलवरून थेट चालवला की नुसती वापराची माहिती छापून बाहेर पडतो. तो बिघडलेला नाही. त्याला 'टीसीपीएसव्हीडी' किंवा इनेटडीच्या हाताखालीच चालायचं असतं: 'टीसीपीएसव्हीडी -व्हीई ०.०.०.० २१ एफटीपीडी -डब्ल्यू /फोल्डर'. '-डब्ल्यू' विसरलात तर अपलोड होणार नाही. 'अ‍ॅपलेट नॉट फाउंड' आलं तर बिझीबॉक्सच्या कॉन्फिगमध्ये तो निवडून पुन्हा बिल्ड करावं लागेल.

बोर्ड बंदिस्त नेटवर्कच्या बाहेर दिसणार असेल तर एफटीपी नकोच. त्यात पासवर्ड उघडा जातो. एसएफटीपी घ्या, ते एसएसएचच्या सुरक्षित जोडणीतून फाईली पाठवतं. त्यासाठीचा ओपनएसएसएच सुरू होत नसेल तर 'नो होस्टकीज अ‍ॅव्हेलेबल' हा संदेश आधी शोधा. रीड-ओन्ली फाईलसिस्टिमवर किल्ल्या बनवून ठेवायला जागाच मिळालेली नसते, त्या टिकणाऱ्या पार्टिशनवर ठेवाव्या लागतात. ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर वापरत असाल तर त्याच्यासोबत एसएफटीपीचा सर्व्हर येत नाही, ओपनएसएसएचमधला 'एसएफटीपी-सर्व्हर' वेगळा घालावा लागतो. तो नसताना लॅपटॉपवरून फाईल कॉपी करणारं 'एससीपी'ही अडतं, कारण २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपीच वापरतं. बोर्डावर एससीपी असेल तर लॅपटॉपवरून मोठा ओ, म्हणजे '-ओ' देऊन जुनी पद्धत वापरता येते, आणि तेवढ्यासाठी बोर्डाची इमेज बदलावी लागत नाही.